रोजमेळापासून रोजनाम्यापर्यंत

जिल्हा न्यायालयाच्या आवारात व्यापारी पाऊल टाकतो ते बहुधा नाइलाजानेच. धनादेश न वटल्याचे बँकेकडून कळले की 30 दिवसांत मागणीची नोटीस, ती मिळाल्यावर देणेकऱ्यास 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. हे गणित पेढीवरील मुनीमजींनाही पाठ असते. मात्र त्याच न्यायालयात टेबलाच्या पलीकडे आपल्या घरातील मुलाने वा मुलीने बसावे, हा विचार समाजात क्वचितच होतो.

कायद्याकडे ओढा असलेल्या पदवीधराने प्रथम न्यायालयीन सेवेत शिरावे आणि नंतर विधी महाविद्यालयाची पायरी चढावी, हा मार्ग मात्र खुला आहे. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी 4629 पदांची भरती जाहीर केली. त्यांपैकी 2795 पदे कनिष्ठ लिपिकांची होती. कोणत्याही शाखेची पदवी, मिनिटाला इंग्रजीचे 40 व मराठीचे 30 शब्द टंकलेखन आणि संगणकाचे ज्ञान, एवढीच मुख्य अपेक्षा होती.

‘चार माणसांना पगार देणारे आपले घर, आणि तू लिपिक होणार?’ हा प्रश्न घरात उठतोच. पण दावा बुडतो कोठे, हे लिपिकाइतके कोणास दिसते? अपुरे न्यायशुल्क, चुकलेला पत्ता, बेलिफाने ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत आणलेले समन्स, नकलेसाठी ताटकळणारा पक्षकार. प्रकरणात त्या दिवशी काय घडले ते रोजनाम्यात उतरते. नाझराकडे जमा रकमेचा हिशेब पैशापैशाने जुळावा लागतो. लहानपणापासून रोजमेळ व खतावणी पाहिलेल्या मुलास ही शिस्त परकी वाटत नाही. पुस्तकातील दिवाणी प्रक्रिया संहिता त्याला पुढे ओळखीची वाटते.

कागद आधी वाचावा, वाद नंतर घालावा, याचा वस्तुपाठ आपल्याच समाजात आहे. 1893 च्या शिकागो सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे वीरचंद राघवजी गांधी सम्मेद शिखरावरील चरबीच्या कारखान्याविरुद्धच्या प्रकरणासाठी कलकत्त्यास गेले, तेव्हा जुने दस्तऐवज वाचता यावेत म्हणून बंगाली शिकले.

अडचणी लहान नाहीत. विधी महाविद्यालयात 70 टक्के उपस्थिती अनिवार्य आहे, आणि नोकरीत असलेल्या विद्यार्थ्याकडून बार कौन्सिल आता कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागते. दिवसा दप्तर आणि जमेल तेव्हा वर्ग, ही जुनी तडजोड यापुढे धोक्याचीच. रजेचा वा राजीनाम्याचा निर्णय आधीच करून ठेवावा. न्यायाधीश होण्याचे स्वप्न असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे, हेही ध्यानात असावे. लिपिकपदाची वर्षे त्यात मोजली जातील, असे गृहीत धरू नये.

व्यापारी घरास सर्वांत जड जाणारी गोष्ट वेगळीच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार शासकीय सेवकास पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही. दिवाळीत गल्ल्यावर बसणे, उधारीच्या वसुलीस जाणे, सारेच थांबते. मुलाचे नाव भागीदारीपत्रात आधीच घातले असल्यास वडिलांनी अर्जाच्या दिवशी नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी सनदी लेखापालांसह बसावे. नाव काढायचे म्हणजे भागीदारीपत्र नव्याने करणे आले, आणि धाकट्या भावाचा वाटाही तेव्हाच ठरवावा लागतो.