इफ्तारची कढई आणि हृदय

असरची नमाज झाली की चिखलीतल्या घराघरांत इफ्तारची लगबग सुरू होते. खजूर, कलिंगडाशेजारी भजी आणि समोसे येतात. एखाद्या दिवशीच्या भज्यांनी फारसं बिघडत नाही. पण रमजानमध्ये हा बेत २९-३० दिवस चालतो. म्हणून कढईत काय आहे, हे पाहायला हवं.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं. ते वाहून नेणारे एलडीएलचे कण पुन्हा ओढून घेण्याचं कामही यकृताचंच. तूप, लोणी, पामतेल, मटणाची चरबी यांतला संपृक्त स्निग्धांश जास्त झाला की हे काम मंदावतं. कण रक्तात रेंगाळतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात. ट्रान्स फॅटचा घात दुहेरी : एलडीएल वाढतं आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल घटतं. म्हणूनच खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून देशात २ टक्क्यांची मर्यादा आहे.

मात्र ‘तूप बंद’ म्हणून भागत नाही. तुपाच्या जागी मैदा आणि साखरेचं सरबत वाढलं, तर धोका तसाच राहतो. ती जागा सोयाबीन, करडई, शेंगदाणा तेलानं किंवा जवस, अक्रोडानं घेतली, तर एलडीएल उतरतं. फिनलंडच्या नॉर्थ कॅरेलिया भागात १९७२ पासून लोकांनी लोण्याऐवजी वनस्पती तेल वापरायला सुरुवात केली, मीठ आणि सिगारेटही कमी केली. पुढच्या सुमारे साडेतीन दशकांत तिथल्या कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू जवळपास ८० टक्क्यांनी घटले. चिखलीला तर तेल दुरून आणायला नको. सोयाबीन इथल्याच शिवारात पिकतं आणि जवसाची चटणी वऱ्हाडात जुनीच आहे.

तेल कोणतंही असो, ग्रॅममागे ९ कॅलरी असतातच. काळं पडलेलं, फेसाळणारं तेल पुन्हा चढवू नये. रोजच्या भज्यांऐवजी चार दिवस उकडलेले चणे, दही, फळं ठेवता येतात. हृदयरोग्यांनी रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा ठरवाव्यात. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

ईदचा शिरखुर्मा मनसोक्त व्हावा, शेजाऱ्यांकडेही जावा. हाच हिशेब दिवाळीच्या फराळालाही लागू आहे. सण एक दिवसाचा. कढई मात्र रोजची असते.