जाड भिंतीआडचा दिवा

बिनतारी बटणाने दिवा लावायचा, तर बटणाकडून निघालेल्या रेडिओलहरी दिव्यापर्यंत पोहोचायला हव्यात. जुन्या विटांच्या घरात भिंत दीड-दीड फूट जाड असू शकते. वीट या लहरींची ऊर्जा शोषून घेते. पावसाळ्यात ओल धरलेली वीट तर अधिकच. मग अशा घरासाठी साधने कशी निवडावीत?

झिग्बी ही पद्धत बहुधा २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालते. लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर. झेड-वेव्ह भारतात सुमारे ८६५ मेगाहर्ट्झवर चालते. तिची लहर जवळजवळ ३५ सेंटिमीटर. लांब लहर विटेतून जाताना सहसा कमी क्षीण होते.

या दोन्ही पद्धतींत सतत वीज मिळणारी साधने एकमेकांचे निरोप पुढे पोहोचवतात. त्यामुळे निरोप भिंत टाळून दारावाटे वळसा घेऊ शकतो. पण स्मार्ट बल्बचे भिंतीवरचे बटण कोणी बंद केले, की साखळीतला तो दुवाच निखळतो! म्हणून बटणामागे बसणारे मॉड्यूल बरे.

मॉड्यूलला मात्र न्यूट्रल तार हवी. जुन्या वायरिंगमध्ये ती बटणापर्यंत आलेली नसते. न्यूट्रलशिवाय चालणाऱ्या मॉड्यूलची वीज दिव्यातूनच वाहते. मग बंद एलईडी मिणमिणू शकतो. शिवाय असे मॉड्यूल बहुधा निरोप पुढे देत नाही. बोर्डावर प्लगचे सॉकेट असेल, तर तेथे न्यूट्रल असते. बोर्ड स्वतः उघडू नका. परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या.

तुम्ही एक प्रयोग करा. घरात वाय-फाय असेल, तर प्रत्येक खोलीत फोनवरच्या रेघा मोजून घराच्या नकाशावर लिहा; आधी दारे उघडी ठेवून, मग लावून. दुवा कोठे हवा, हे नकाशाच सांगेल.