विकता न येणारी मालकी

मेण तडकलं की कापड बिघडायला हवं, नाही का? भैरवगढच्या छिप्यांची, म्हणजे कापड छापणाऱ्या कारागिरांची, रोजीरोटी मात्र त्या तड्यांवरच चालते!

उज्जैनच्या काळभैरवाजवळ, क्षिप्रेकाठी ही वस्ती आहे. स्थानिक लोक तिला भेरूगढ म्हणतात. इथले छिपे मुघलकाळात राजस्थान-गुजरातकडून आले, असं सांगतात. पुढे उज्जैन शिंद्यांची राजधानी झालं. १८१०मध्ये दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, छिपे राहिले.

त्यांची बाटिकची रीत पाहा. जिथे रंग नको, तिथे वितळलेलं मेण लावायचं आणि कापड रंगात बुडवायचं. पण रंग गरम असेल तर? मेणच वितळेल! म्हणून रंग थंडच हवा. आधी फिका, मग गडद. प्रत्येक रंगाआधी नव्याने मेण. पॅराफिन ठिसूळ, तर मधमाशांचं मेण चिवट. दोन्हींच्या मिश्रणावर ठरतं, तडे किती पडणार. कापड चुरगळलं की त्या तड्यांतून रंग आत झिरपतो आणि केसासारख्या बारीक रेषांचं जाळं उमटतं. शेवटी कापड उकळत्या पाण्यात टाकायचं. मेण सुटून वर तरंगतं. ते काढून पुन्हा वापरता येतं. तड्यांचं तेच जाळं दोनदा मिळणं मात्र अशक्य!

मग हे कसब कोणाच्या मालकीचं? एका छिप्याचं नाहीच. २०२३मध्ये 'उज्जैन बाटिक प्रिंट'ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला सगळ्यात थक्क करतो तो त्यामागचा १९९९चा कायदा. मानांकित नावावरचा हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पैसेवाल्याने कितीही थैल्या ओतल्या तरी हे नाव त्याला विकत मिळणार नाही. मालकी असून विक्री नाही, अशी मालमत्ता आपल्या व्यवहारी जगात किती सापडेल?

एक उदाहरण पार कॅनडात आहे. तिथल्या मिकमाक या आदिवासी समाजाच्या राखीव जमिनीही बाहेरच्याला थेट विकता येत नाहीत. तिथे जमीन राखली जाते, इथे नाव. मात्र नाव आपोआप टिकत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, ती पुन्हापुन्हा वाढवता येते. आणि ते नाव अधिकृतपणे वापरायचं, तर प्रत्येक कारागिराला आपली स्वतंत्र नोंद करावी लागते.