विश्लेषण : टोपणनाव, कूळ आणि साडेचारचे सूत्र... सोमाली थट्टेत राजकारण कसे दडले आहे?

सोमालिया म्हटले की मराठी वाचकाला समुद्री चाचे आठवतात. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा हीच ओळख पुन्हा ठळक झाली. सोमाली समाजाची खरी ओळख मात्र वेगळी आहे. एकमेकांची फिरकी घेणारा, ज्याला-त्याला टोपणनाव ठेवणारा आणि भांडणही कवितेतून करणारा हा समाज आहे. भाषा एक, धर्म एक. तरीही तो कुळाकुळांत विभागलेला आहे. दोन सोमाली माणसांची चेष्टा रंगली की ती बऱ्याचदा कुळापाशी येऊन ठेपते. ही चेष्टा कधी निरुपद्रवी असते आणि कधी जिव्हारी लागते, हे समजले की तेथील राजकारणही उलगडू लागते.

सोमाली समाज कुठे कुठे आहे?

सोमालियाच्या निळ्या ध्वजावर पाच टोकांची पांढरी चांदणी आहे. ब्रिटिश सोमालीलँड, इटालियन सोमालीलँड, फ्रेंचांच्या ताब्यातील आजचा जिबुती, इथिओपियातील ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग हे पाच सोमालीबहुल प्रदेश ती दाखवते. त्यांपैकी पहिले दोनच १ जुलै १९६० रोजी एकत्र आले. जिबुती १९७७ मध्ये वेगळा देश झाला. ओगादेनसाठी १९७७-७८ मध्ये युद्ध झाले, त्यात सोमालियाचा पराभव झाला.

ब्रिटिश सोमालीलँडचा मुंबईशी जुना संबंध आहे. हा प्रदेश १८९८ पर्यंत एडनमार्फत ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभाराखाली होता आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होते. १९९१ पासून हाच भाग ‘सोमालीलँड’ म्हणून स्वतंत्र कारभार करत आहे. यादवीनंतर लाखो सोमाली देशोधडीला लागले. नैरोबीतील ईस्टली, लंडन, टोरांटो आणि अमेरिकेतील मिनियापोलिस येथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत.

प्रत्येकाला टोपणनाव का असते?

सोमाली माणसाला आडनाव नसते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव अशी साखळी असते. त्यातही मोहम्मद, अहमद, अब्दी, हसन अशी मोजकीच नावे पुन्हा पुन्हा येतात. एकाच गल्लीत चार ‘मोहम्मद अहमद’ असतील तर कोणाला हाक मारली, हे कळायचे कसे? त्यावर उपाय म्हणजे टोपणनाव. सोमाली भाषेत त्याला ‘नानेस’ म्हणतात.

ही नावे ठेवताना कोणाची गय केली जात नाही. उंच असेल तो ‘डेरे’, सावळा असेल तो ‘मदोबे’. शारीरिक व्यंगावरून पडलेली नावेही सर्रास वापरली जातात आणि खुद्द तो माणूसही आपली ओळख तशीच करून देतो. प्रथा जुनी आहे. सोळाव्या शतकात इथिओपियाच्या साम्राज्याला हादरवणाऱ्या इमाम अहमदला सोमाली लोक आजही ‘गुरे’, म्हणजे डावखुरा, म्हणतात.

सत्तेच्या खुर्चीलाही यातून सूट नाही. २०१७ ते २०२२ या काळातील राष्ट्राध्यक्ष मोहम्मद अब्दुल्लाही मोहम्मद जगभर ‘फर्माजो’ म्हणून ओळखले जातात. हा इटालियन भाषेतील चीजसाठीचा शब्द आहे. घरात चीजची आवड होती म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. सोमालीलँडचे माजी अध्यक्ष अहमद मोहम्मद मोहमूद यांचे ‘सिलान्यो’ हे नाव सरड्याच्या जातीतील प्राण्याचे आहे. २०२४ मध्ये तेथे निवडून आलेले अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही हे ‘इर्रो’, म्हणजे पिकल्या केसांचे. मोगादिशूचे एक महापौर तर ‘टारझन’ या नावाने प्रसिद्ध होते. हुकूमशहा सियाद बारे यांना लोक पाठीमागे ‘अफवेने’ म्हणत. त्याचा अर्थ मोठ्या तोंडाचा.

मग कुळावरून टोमणा का लागतो?

टोपणनाव एका माणसाचे असते, कूळ मात्र शेकडो वर्षांच्या नात्याचे असते. दारोद, हाविये, दिर, इसाक आणि राहनवेन (दिगिल-मिरिफ्ले) हे मोठे कुळसमूह. प्रत्येकाच्या शाखा, त्यांच्या उपशाखा, त्याखाली भावकी. अनेक घरांत मुलांकडून वडील, आजोबा, पणजोबा अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ पाठ करून घेतात. युरोपात माणसाचा पत्ता विचारतात, तसे सोमाली माणूस वंशावळ विचारतो, अशा आशयाचे निरीक्षण ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी नोंदवले होते. त्यांचा ‘अ पास्टोरल डेमोक्रसी’ हा ग्रंथ १९६१ साली आला.

हा प्रश्न केवळ उत्सुकतेपोटी विचारला जात नाही. पशुपालक समाजात भावकी हाच विमा होता. एखाद्याच्या हातून खून झाला तर त्याची भरपाई सारी भावकी मिळून देई. पुरुषासाठी १०० उंट आणि स्त्रीसाठी ५० उंट, असा परंपरेचा हिशेब होता. दुष्काळात मदत, विहिरीवर हक्क, भांडणात पाठराखण हे सारे भावकीवर अवलंबून. म्हणूनच ‘तुझ्या कुळाचे लोक असेच’ हा टोमणा एका माणसापुरता राहत नाही. ऐकणाऱ्याला तो साऱ्या गोतावळ्याचा अपमान वाटू शकतो.

तरीही बरोबरीच्या कुळांत अशी चेष्टा रोज चालते. कोण चिक्कू, कोण भांडकुदळ, कोणाला समुद्राची भीती वाटते, असे ठरलेले विनोद असतात. बोलीवरूनही कोटी होते. उत्तरेकडच्या ‘महा’ आणि दक्षिणेतील नद्यांकाठच्या ‘माय’ या बोलींची नावेच मुळी ‘काय?’ या अर्थाच्या शब्दांवरून पडली आहेत. शाब्दिक टोल्याला टोल्यानेच उत्तर देता येते, तोवर सारे हसतात.

‘माजी कूळ’ हा विनोद कसा जन्मला?

१९४३ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ‘सोमाली यूथ लीग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेने कुळाऐवजी ‘सोमाली’ ही ओळख पुढे केली. त्यामुळे शहरी सुशिक्षितांना थेट कूळ विचारणे मागासलेपणाचे वाटू लागले. पण जाणून तर घ्यायचे असे. मग इंग्रजीतील ‘एक्स’ हा शब्द कामी आला. कूळ आता ‘माजी’ झाले, असे मानून लोक एकमेकांना ‘तुमचे एक्स कोणते?’ असे विचारू लागले. प्रश्न तोच राहिला, फक्त त्याच्यावर पांघरूण आले.

मार्च १९६९ च्या निवडणुकीत हे पांघरूणही उडाले. १२३ जागांसाठी साठहून अधिक पक्ष रिंगणात होते. त्यांतील बरेचसे कुळांचेच मुखवटे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली आणि काही दिवसांतच सियाद बारे यांच्या लष्कराने सत्ता घेतली.

बारे यांनी कुळवादावर बंदी घातली. कुळवादाच्या प्रतिमांची जाहीर होळी झाली, त्या पुरल्याही गेल्या. एकमेकांना हाक मारताना ‘चुलतभावा’ऐवजी ‘जाले’, म्हणजे कॉम्रेड, म्हणण्याचा आग्रह धरला गेला. प्रत्यक्षात सत्तेच्या मोक्याच्या जागा अध्यक्षांच्या स्वतःच्या, आजोळच्या आणि जावयाच्या कुळाकडे गेल्या. लोकांनी या तीन कुळांच्या आद्याक्षरांवरून सरकारला ‘एमओडी’ असे गुप्त टोपणनाव ठेवले. ते मोठ्याने उच्चारणे धोक्याचे होते. १९८८ मध्ये याच राजवटीच्या विमानांनी हर्गेसा या आपल्याच शहरावर बॉम्ब टाकले. या दडपशाहीत हजारो माणसे मारली गेली. त्यांत बहुतांश इसाक कुळाचे होते. जानेवारी १९९१ मध्ये राजवट कोसळली आणि मोगादिशूत कुळांच्या सशस्त्र टोळ्यांचे राज्य सुरू झाले.

कवितेतून भांडण म्हणजे काय?

सोमाली भाषेची रोमन लिपी १९७२ मध्ये ठरली. त्यापूर्वी आणि नंतरही राजकीय वाद कवितेतूनच चालत. एका कवीने आव्हान द्यायचे आणि दूरच्या प्रदेशातील दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे, अशा साखळ्या तयार होत. नियम कडक असतो. अनुप्रासाचे अक्षर एकदा ठरले की कवितेच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच निभवावे लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘गुबा’ ही साखळी कुळांच्या वैरावर पेटली होती. १९७९ च्या सुमारास ‘गारिये’ आणि ‘हद्रावी’ या कवींपासून सुरू झालेल्या ‘डेले’ या साखळीत मात्र कुळवाद आणि राजवट यांवरच वाद झडला. अनेक कवी त्यात उतरले. या कविता कॅसेटवर ध्वनिमुद्रित होऊन हातोहाती पसरल्या. हद्रावी यांनी त्याआधी, १९७३ ते १९७८ अशी पाच वर्षे तुरुंगात काढली होती.

साडेचारचे सूत्र काय आहे?

यादवीतून वाट काढण्यासाठी २००० साली जिबुतीतील आर्ता येथे परिषद झाली. तेथे सत्तावाटपाचे ‘४.५’ सूत्र स्वीकारले गेले. चार मोठ्या कुळसमूहांना प्रत्येकी एक वाटा आणि उरलेल्या सर्व अल्पसंख्य गटांना मिळून अर्धा. आज कनिष्ठ सभागृहाच्या २७५ जागांपैकी मोठ्या चौघांना प्रत्येकी ६१ आणि बाकीच्यांना ३१ जागा मिळतात.

या पद्धतीत सामान्य माणसाला थेट मत नव्हते. २०१६-१७ मध्ये प्रत्येक जागेसाठी ५१ जणांनी, म्हणजे एकूण १४,०२५ प्रतिनिधींनी खासदार निवडले. पुढच्या खेपेस ही संख्या प्रत्येक जागेमागे १०१ झाली. मे २०२२ मध्ये या खासदारांनी हसन शेख मोहमूद यांना दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष केले. ते भोपाळच्या विद्यापीठात शिकलेले आहेत.

या सूत्राने बंदुका काही प्रमाणात शांत केल्या, हे समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. पण एकेकाळी ‘माजी’ म्हणून लपवलेले कूळ त्यामुळे अधिकृत झाले. पूर्वी चेष्टेत ‘तू कोणाचा?’ असे विचारत. आता त्याच प्रश्नाच्या उत्तरावर खासदारकी, मंत्रिपद आणि नोकरी ठरू लागली.

‘अर्ध्या’ वाट्यातल्यांचे काय?

चेष्टेची खरी कसोटी येथे लागते. मदिबान, तुमाल, यिबिर हे गट परंपरेने शिकार, चामड्याचे काम, लोहारकाम, ताईत-गंडे अशा व्यवसायांशी जोडले गेले. मोठी कुळे त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. दक्षिणेतील शेतकरी बंटू समाजाला ‘जरीर’, म्हणजे राठ केसांचे, म्हणतात. त्यांतील अनेकांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले होते.

‘डेरे’ किंवा ‘मदोबे’ म्हटलेला माणूस उलट टोपणनाव ठेवू शकतो. ‘जरीर’ म्हटलेल्या माणसाच्या पाठीशी शंभर उंट देणारी भावकी नसते, बंदूकही नसते. त्याला हसून सोडून द्यावे लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये मोगादिशूत बंटू समाजातील एका माणसाला जाळून मारण्यात आले. त्याच्या भाच्याने मोठ्या कुळातील मुलीशी लग्न केले होते. ‘अल-शबाब’ ही दहशतवादी संघटना आपण कुळभेद मानत नसल्याचा प्रचार करते आणि अशाच डावललेल्या गटांतून तरुण भरती करते. ‘अर्धा’ ही थट्टा किती महाग पडू शकते, हे यावरून दिसते.

विनोदाची किंमत कोणी मोजली?

विनोदवीर अब्दी जेलानी मलाक ऊर्फ ‘मार्शले’ कट्टरपंथीयांच्या नकला करत. जुलै २०१२ मध्ये मोगादिशूत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. बारे राजवटीच्या उधळपट्टीवर ‘लँडक्रूझर’ हे बोचरे गाणे गाणाऱ्या सादो अली वारसमे पुढे खासदार झाल्या. जुलै २०१४ मध्ये ‘अल-शबाब’ने त्यांची हत्या केली.

परदेशातील नवी पिढी काय करते?

परदेशस्थांना मायदेशात ‘कुर्बाजोग’ म्हणतात. केनियातील सोमालींना इतर सोमाली ‘सिजुई’ म्हणून चिडवतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘मला माहीत नाही’. परदेशात वाढलेल्या, हाताबाहेर चाललेल्या मुलाला संस्कारांसाठी मायदेशी पाठवणे म्हणजे ‘डकन एलिस’. तरुण आपसांत त्यावरून एकमेकांची टर उडवतात, तशी धास्तीही बाळगतात.

या पिढीतील अनेकांना स्वतःची वंशावळ धड सांगता येत नाही. शाळेत ते कृष्णवर्णीय, विमानतळावर मुस्लीम आणि घरी एखाद्या कुळाचे असतात. काहींसाठी कूळ हा केवळ विनोदाचा विषय उरला आहे. काहीजण मात्र कधीही न पाहिलेल्या गावाच्या वैरासाठी मोबाइलवर भांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सोमालिया सरकारने टिकटॉक आणि टेलिग्रामवर बंदीची घोषणा केली. दहशतवादी प्रचार आणि खोटी माहिती ही कारणे देण्यात आली.

पुढे काय?

‘एक व्यक्ती, एक मत’ ही मागणी जुनी आहे. त्या दिशेने मार्च २०२४ मध्ये संसदेने घटनादुरुस्ती केली. पंटलँड या प्रांताने लगेच केंद्राला मान्यता नाकारली. सूत्र गेले तर आपला वाटा जाईल, ही भीती मोठ्या कुळांत आहे. निव्वळ बहुमतात आपला अर्धाही उरणार नाही, अशी धास्ती लहान गटांत आहे.

बारे यांनी कूळ पुरून पाहिले, आर्ताच्या परिषदेने ते मोजून पाहिले. दोन्हींतून कुळाची पकड सुटली नाही. भावकी जे संरक्षण देते ते कायदा, न्यायालय आणि पोलीस देऊ लागले, तरच ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न पुन्हा चेष्टेपुरता उरेल. तोवर सोमाली माणूस हसण्यापूर्वी समोरचा कोणत्या वाट्यातला आहे, याचा अंदाज घेत राहील.