वॉल्थमस्टो स्टेडियम: आकड्यांच्या फळ्याची गोष्ट

ईशान्य लंडनमधल्या वॉल्थमस्टो उपनगरात रस्त्याकडेला एक उंच पांढरी भिंत आहे. तिच्यावर स्टेडियमचं नाव आणि निऑनच्या नळ्यांचा धावता कुत्रा. आत गेलात तर ट्रॅक नाही, सदनिका आहेत. मग भिंतच का राखली? ही भिंत म्हणजे पैजांचे आकडे दाखवणाऱ्या फळ्याची पाठ आहे. म्हणून आपण फळ्यापासूनच सुरुवात करू.

विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे ग्रेहाउंड सोडायचे, हा खेळ अमेरिकेतून आला. ब्रिटनमधली अशी पहिली शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथे झाली, आणि मग गावोगावी ट्रॅक निघाले. कुत्र्यांची हौस होतीच. पण आमच्या मते खरं कारण कायद्यात आहे. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर पैज घ्यायला बंदी होती. खातं उघडून उधारीवर पैज लावता येई, पण आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या कामगाराला खातं कोण देणार? शर्यतीच्या मैदानात मात्र रोख पैज चालायची. आता बघा, घोड्यांच्या शर्यती दुपारी, बहुधा शहराबाहेर. कुत्र्यांचा ट्रॅक घराजवळ, आणि शर्यती कारखाना सुटल्यावर, दिव्यांच्या उजेडात!

वॉल्थमस्टोचा ट्रॅक १९३३ मध्ये विल्यम चँडलर यांनी सुरू केला. ते स्वतः बुकी. १९३४ च्या कायद्याने ट्रॅकवर 'टोट'ला परवानगी मिळाली. टोट म्हणजे काय, तर सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा. ठरावीक हिस्सा कापून उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटायची. एखाद्या कुत्र्यावर जास्त लोकांनी पैसे लावले की त्याचा भाव उतरतो. हा हिशेब शर्यत सुटेपर्यंत हलत राहतो आणि तो सगळ्यांना एकदम दिसायला हवा. तेवढा मोठा फळा त्यासाठी.

(जाता जाता: १९४५ च्या निवडणुकीत चर्चिल यांची इथे सभा झाली, आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली.)

मे १९६१ पासून पैजांची दुकानं कायदेशीर झाली. गल्लीच्या कोपऱ्यावर पैज लागते म्हटल्यावर ट्रॅकवर जायचं कशाला? गर्दी ओसरत गेली, जमिनीचे भाव चढत गेले. निवृत्त कुत्र्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्नही लोक विचारू लागले.

२००७ मध्ये फळा आणि प्रवेशद्वार दुसऱ्या श्रेणीच्या वारसा-यादीत गेले. पण ही यादी बांधकाम वाचवते, आतला धंदा नाही. १६ ऑगस्ट २००८ ला शेवटच्या शर्यती झाल्या. ट्रॅक पुन्हा सुरू व्हावा म्हणून परिसरातल्या लोकांनी नेटाने मोहीम चालवली. २०१२ मध्ये तिथे घरं बांधायला परवानगी मिळाली.