ध्वनिक्षेपक, गृहश्रवणाचे

विद्युत् संदेशाचे ध्वनितरंगांत रूपांतर करणारे साधन म्हणजे ध्वनिक्षेपक किंवा लाउडस्पीकर. घरी संगीत ऐकण्यासाठी वापरावयाच्या उच्च प्रतीच्या ध्वनिक्षेपकाकडून मूळ ध्वनिमुद्रणाशी शक्य तितके तद्रूप पुनरुत्पादन अपेक्षित असते.

प्रकार : चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सर्वाधिक प्रचारात आहे. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये त्याचे आधुनिक स्वरूप मांडले. चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्यातून विद्युत् प्रवाह गेला की, त्यास जोडलेला शंकू कंप पावतो. शंकूच्या मागील बाजूचे तरंग पुढील तरंगांच्या विरुद्ध कलेत असल्याने नीच कंप्रतेचा ध्वनी क्षीण होतो; म्हणून शंकू पेटीत बसवितात. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये पुढे आणलेल्या बंद पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगचे कार्य करते. त्यामुळे लहान पेटीतही खर्ज मिळतो. मात्र कार्यक्षमता घटते. कर्ण्याच्या ध्वनिक्षेपकाला अल्प शक्ती पुरते, पण खर्जासाठी त्याचा आकार फार मोठा करावा लागतो. ब्रिटनमधील क्वाड कंपनीने १९५७ मध्ये विक्रीस आणलेल्या स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकात शंकूऐवजी अतिशय पातळ पटल असते. त्यात विरूपण अल्प असते. परंतु मोठ्या आवाजातील खर्ज त्यास झेपत नाही.

खोलीचा परिणाम : समांतर भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण होतात. ध्वनीचा वेग सेकंदास ३४३ मी. धरल्यास ५ मी. लांबीच्या खोलीत पहिले अनुस्पंदन सु. ३४ हर्ट्‌झला होते. हा स्वर भिंतींलगत फुगतो, तर मध्यभागी जवळजवळ लुप्त होतो. त्यामुळे एकच ध्वनिक्षेपक दोन घरांत निराळा वाटतो. त्रिमितीय आभासासाठी दोन ध्वनिक्षेपक व श्रोता सामान्यतः समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर असतात.

तुलना : अधिक मोठा आवाज अधिक भरदार वाटत असल्याने तुलनेपूर्वी ध्वनिपातळ्या समान कराव्या लागतात. ध्वनिक्षेपक एकाच जागी आळीपाळीने ठेवून ध्वनिपारगम्य पडद्याआड वाजविणे आवश्यक असते. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ध्वनिक्षेपक दृष्टीस पडताच श्रोत्यांचे गुणांकन बदलल्याचे आढळले. न पाहता ऐकल्यास मात्र सपाट कंप्रता-प्रतिसाद असलेल्या व बाजूंनाही तसाच सुरळीत ध्वनी पसरविणाऱ्या ध्वनिक्षेपकांना सामान्यतः पसंती मिळते. सारांश, किंमत व बाह्यरूप हे गुणवत्तेचे प्रमाण नव्हे. महाग ध्वनिक्षेपक घेण्यापूर्वी असलेल्याची व श्रोत्याची जागा बदलून पाहणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते.