चोखोबांची समाधि आणि देवळाचें दार

आमच्या वडनेर भोलजी गांवीं शिक्षक असतांना मी एकदां वर्गांत चोखामेळ्याची गोष्ट सांगत होतों. चोखोबांचा जन्म आमच्याच बुलढाणा जिल्ह्यांत, मेहुणाराजा येथें झाला असें मानतात. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, एवढा मोठा भक्त, मग त्याची समाधि देवळाच्या दाराबाहेर कां?" त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. आज तो यत्न करतों.

चंद्रभागेच्या वाळवंटांत संतांनीं भक्तांत भेद मानला नाहीं. परंतु महाद्वाराशीं येतांच ती समता थांबत असे. चोखोबांच्या पश्चात् सुमारें सहाशें वर्षें त्यांच्या जातिबांधवांना विठ्ठलाचें दर्शन बाहेरूनच घ्यावें लागलें. एवढ्या काळांत तेथें मोठा कलह झाला नाहीं, म्हणून शांति होती असें म्हणावें काय? अन्याय सोसणारा गप्प बसतो, तेव्हां असते ती केवळ निःशब्दता. न्यायावांचून शांति नाहीं.

अशा वेळीं धर्माचे जाणते पुरुष तीन प्रकारांनीं उपयोगी पडतात. पहिला प्रकार विद्वत्तेचा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं, १९३२ च्या पुणें करारानंतर गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतांना, अस्पृश्यतानिवारणाची शास्त्रीय बाजू मांडण्यास त्यांना साह्य केलें. शास्त्राच्या नांवानें दार लावणाऱ्यास शास्त्र्यानेंच उत्तर दिलें, तर तें टाळतां येत नाहीं.

दुसरा प्रकार आचरणाचा. आमच्या वऱ्हाडचे गाडगे महाराज पंडित नव्हते. हातांत खराटा घेऊन ते गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनांतून शिवाशिवीचा खोटेपणा श्रोत्यांकडूनच वदवून घेत. पंढरपुरांत त्यांनीं चोखामेळ्याच्या नांवें धर्मशाळा बांधविली. ज्यास देवळांत जागा नव्हती, त्यास निदान निवारा मिळाला.

तिसरा प्रकार आत्मक्लेशाचा. साने गुरुजी गांवोगांव हिंडले, लोकमत जागें केलें, आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरीं त्यांनीं उपोषण आरंभिलें. तनपुरे महाराजांच्या मठानें त्यांस आश्रय दिला. दादासाहेब मावळणकर यांनीं मध्यस्थी केली आणि दहा मे रोजीं उपोषण सुटलें. विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें झालें. कोणावर हात न उचलतां हें घडलें, ही मोठी गोष्ट होय.

तरी एक कटु सत्य सांगितलेंच पाहिजे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. वर्षें लोटलीं, दार उघडलें नाहीं. १९३५ सालीं येवल्यास त्यांनीं हिंदु म्हणून न मरण्याचा निश्चय जाहीर केला आणि १९५६ सालीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पंढरीचें दार उघडलें तेव्हां बाहेर उभे असलेले कित्येक जण मनानें केव्हांच पुढें निघून गेले होते. न्यायाला झालेला विलंब असा महाग पडतो.

१९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. कायद्यानें देवळाचें दार उघडतां येतें. घराचें दार मात्र आपणांसच उघडावें लागतें. त्या मुलास मी आज एवढेंच सांगेन : बाळ, चोखोबा बाहेर राहिले तो दोष त्यांचा नव्हता, आंत असलेल्यांचा होता. आपल्या घरीं पाण्याचा पेला कोणास वेगळा ठेवला जात नाहीं ना, हें प्रत्येकानें आज पाहावें.